हिवाळी स्वदेशप्रेम

गेली तीस वर्षे अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या एका बालमित्राचे पत्र नुकतेच आले. हल्ली पत्र म्हणजे दूरध्वनीच्या पडद्यावर उमटणाऱ्या दहा-बारा ओळी; परंतु मजकूर पत्राचाच होता. "पुढच्या वर्षाअखेर नोकरी सोडायची ठरवली आहे. त्यानंतर दर वर्षी चार महिने परभणीला येऊन राहीन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तुमच्याकडचा उन्हाळा आता आम्हांला झेपायचा नाही." पत्र वाचून आनंद झाला, आणि आनंदाच्या पाठोपाठ त्यातील एक शब्द कुसळासारखा टोचू लागला. ‘तुमच्याकडचा’ हा तो शब्द. ज्या आळीत आम्ही दोघे लहानाचे मोठे झालो, तिचा उन्हाळा कालपरवापर्यंत ‘आपल्याकडचा’ होता. तो आमच्या एकट्याच्या पदरात केव्हा पडला, हे आम्हांस कळलेही नाही.

मित्राशी असलेला मतभेद चारचौघांत मांडू नये, हा शिष्टाचार आम्हांस ठाऊक आहे. हे मत त्याचे एकट्याचे असते तर आम्ही तो पाळलाही असता. परंतु सेलू, जिंतूर, गंगाखेड, मानवत येथून जी हुशार मुले आधी पुण्यामुंबईस आणि तेथून परदेशी गेली, ती सारी आता बरोबरच साठीच्या उंबरठ्यावर येत आहेत. आणि त्यांपैकी ज्यास विचारावे तो ‘थंडीत येऊ’ असेच म्हणतो. मायभूमीची ओढ खरी, पण हुरडा, गुलाबी गारठा आणि स्नेहसंमेलने यांच्यापुरती. हे स्वदेशप्रेम आम्हांस मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

यांतील बहुतेक मंडळी १९९० सालच्या अमेरिकन कायद्याने निघालेल्या एच-वन-बी परवान्यावर गेली. मुले लहान होती तोवर त्यांची सबब सबळ होती. तेथील शाळा सुटतात जूनमध्ये. रजा मिळावयाची मोजून दोन-तीन आठवड्यांची. मग मंडळी पावसाच्या तोंडाशी येत, चिखल तुडवीत, मुलांच्या पोटदुखीवर रात्री जागवीत आणि परत जात. तेव्हा ऋतूविषयी कोणी तक्रार केल्याचे आम्हांस स्मरत नाही. आता मुले आपापल्या पायांवर उभी आहेत, रजेचा हिशेब संपत आला आहे, आणि वर्षातील कोणताही महिना निवडण्याची मोकळीक या लोकांस तरुणपणानंतर प्रथमच मिळत आहे. नेमका अशा वेळी वैशाख वगळला जातो! सबब होती तोवर ते येत होते. सबब उरली नाही तेव्हा न येण्याचा निश्चय झाला. यास काय म्हणावे?

उन्हाळा हा माणसांनी माणसांकडे जाण्याचा ऋतू आहे, हे त्यांस ठाऊक नाही असे कोणी समजू नये. तीन वर्षांपूर्वी जून-जुलैत आम्ही उभयता न्यू जर्सीत या मित्राच्या घरी पाच आठवडे राहून आलो. मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारी तेथला उन्हाळा रीतसर सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी रीतसर संपतो. मधल्या चौदा-पंधरा शनिवारांची वाटणी मित्रमंडळींत आधीच झालेली असते. रात्री साडेआठपर्यंत उजेड. घरामागच्या हिरवळीवर खुर्च्या मांडलेल्या. यजमान अंगावर ॲप्रन चढवून निखाऱ्यांवर मक्याची कणसे भाजतो आहे, आणि प्रत्येक पाहुणी आपापल्या घरून एकेक पदार्थ करून आणते आहे. एका बाईंनी आणलेल्या भरल्या वांग्यांची चव आम्ही अजून विसरलो नाही. आमच्या वहिनींनी तर पाच आठवड्यांत आम्हांस पाण्याचा पेलासुद्धा हाताने घेऊ दिला नाही. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांची जी संघटना १९८१ साली शिकागो येथे स्थापन झाली, तिची दर दोन वर्षांनी भरणारी अधिवेशनेही बहुधा याच दिवसांत होतात आणि हजारो मराठी माणसे त्यांसाठी दुरून येतात. म्हणजे उन्हाळा त्यांनी सोडलेला नाही. त्यांनी तो बदलून घेतला आहे. (एवढे मात्र नमूद केले पाहिजे की त्या पाच आठवड्यांत न कळविता दार वाजविणारा एकही पाहुणा आम्ही पाहिला नाही.)

अशाच एका शनिवारी निवृत्तीनंतर कोठे राहावे यावर तीन तास चर्चा झाली. जमलेले सारे अठ्ठावन ते बासष्ट वयाचे. १९६० साली वा त्यानंतर जन्मलेल्यांस पूर्ण निवृत्तिवेतन सदुसष्टाव्या वर्षी. मेडिकेअर हा सरकारी विमा पासष्टाव्या वर्षी, पण काही अपवाद सोडता तो अमेरिकेबाहेरच्या उपचारांस उपयोगी नाही. मग पुण्यात घर घ्यावे काय, घेतल्यास रुग्णालय किती मिनिटांवर असावे, विमानतळ किती तासांवर असावा, हे सारे इतक्या तपशिलाने मांडले गेले की आमच्यासारखा हिशेबात कच्चा मनुष्य थक्क झाला. या काळज्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. त्या खऱ्या आहेत. परंतु संध्याकाळी कोणाच्या ओट्यावर जाऊन बसावयाचे, हा प्रश्न तीन तासांत एकदाही निघाला नाही. अखेरीस आमचा मित्र मोठ्याने म्हणाला, "मी तर परभणीला जाणार." सर्वांनी टाळ्या वाजविल्या. एक जण मिस्कीलपणे म्हणाला, "मेमध्ये जाऊन दाखव!" सारे हसले, आणि आमचा मित्रही हसला. त्या हसण्याचा अर्थ आम्हांस आता या पत्रात वाचावयास मिळाला.

आता परभणीच्या उन्हाळ्याविषयी. तो सुखाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो; दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. पाण्याची गोष्ट त्याहून कठीण. २०१६ सालच्या उन्हाळ्यात शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. उष्माघाताने माणसे दगावतात, आणि साठीच्या माणसाने जपले पाहिजे हेही खरे. पण या उन्हाशी वागण्याची एक जुनी रीत या मुलखात आहे, आणि ती रीत म्हणजेच येथले सामाजिक जीवन होते, हे आमच्या मित्रास आम्ही सांगावयास हवे काय? पहाटे कामे उरकावयाची. दुपारी माळवदाच्या घरात, जाड मातीच्या भिंतींच्या अंधारात, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून पडावयाचे. आणि ऊन कलले की सारे गाव एकदम बाहेर. रात्री माळवदावर सडा घालून अंथरुणे टाकली की यजमान कोण आणि पाहुणा कोण हा भेदच उरत नसे. निराळी खोली नाही, निराळा पंखा नाही. एकच आकाश, आणि उशाशी पाण्याचा एकच तांब्या. आमच्या बालपणी मे महिन्यात घरात अकरा माणसांखाली माणसे कधी नव्हती. पत्र न पाठविता येत, आंबे संपेपर्यंत राहत, आणि जाताना रडत.

बाहेरगावी गेलेली माणसेही तेव्हा उन्हाळ्यातच परत येत. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शिकावयाचे तर हैदराबादेस जावे लागे, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात सारे शिक्षण उर्दूतून. आमच्या आजोबांच्या पिढीतील जी मुले तेथे गेली, त्यांस ते परमुलूखच होते. सुट्टी लागली की मनमाड–सिकंदराबाद मार्गावरील जुन्या मीटर गेज गाडीने ती भर उन्हाळ्यात घरी येत. लग्ने त्याच दिवसांत, वाळवणे त्याच दिवसांत, अक्षय्यतृतीयेस पितरांची आठवण त्याच दिवसांत. गावाचा सारा वर्षभराचा व्यवहार ज्या दोन महिन्यांत माणसांच्या डोळ्यांसमोर येतो, तेच दोन महिने वजा करून जो येतो, त्यास गाव दिसते कोठे? त्यास दिसते ती सजविलेली मांडणी. चार महिने येऊन तो कोणाच्या लग्नात पंगतीस बसणार नाही, विहीर कितव्या पायरीपर्यंत आटली हे पाहणार नाही, आणि मृगाचा पहिला पाऊस पडताना कोणाच्या दारात उभा राहणार नाही. ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ असे भारदस्त नाव असलेले जे पत्रक सरकारने २००५ पासून देऊ केले आहे, ते त्याच्या खिशात आहे. त्याने मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, पण कोणत्याही महिन्यात येता येते. कायद्याने वैशाखास बंदी केलेली नाही. ती त्यानेच करून घेतली आहे.

येथवर मित्रास बोलून झाले. आता स्वतःकडे वळले पाहिजे, कारण या बाबतीत अधिक दोषी आम्ही, म्हणजे येथेच राहिलेले शिकलेले लोक आहोत. उन्हाळा ही लाजिरवाणी वस्तू आहे हे त्यास शिकविले कोणी? आम्ही! ‘मेमध्ये येऊ नका हो, हाल होतील तुमचे’ हे वाक्य आम्ही वीस वर्षे प्रत्येक पाहुण्यास ऐकवीत आलो. पाहुण्याची काळजी हे त्याचे वरचे कवच. आत भीती ही की पाहुणा आमच्या गावास हसेल. सर जॉन माल्कम यांनी १८२० नंतरच्या दशकात महाबळेश्वर वसविले आणि पुढे मुंबईचे सारे सरकारच उन्हाळ्यात डोंगरावर जाऊ लागले. साहेबास आमचा उन्हाळा सोसत नव्हता, ते समजण्यासारखे आहे. तो परका होता. आमच्या आजोबांवर तर त्या साहेबाचे राज्यही नव्हते. पण त्याचे इंग्रजी ग्रंथ वाचून पदवी घेतलेल्या आम्ही मात्र उन्हाळा म्हणजे पळून जाण्याची वस्तू हा त्याचा धडा पाठ केला. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण बदलून आलेल्या अधिकाऱ्यांनी वापरावी याचे नवल नाही. आम्ही परभणीकरच ती हसत हसत पाहुण्यांस ऐकवितो, याचे आहे. बी. रघुनाथांनी याच गावात बांधकाम खात्यातील नोकरी सांभाळून कविता आणि कादंबऱ्या लिहिल्या आणि १९५३ साली अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या नावाचा आम्ही अभिमान सांगतो, आणि निवृत्त झालो की पुण्यास जातो.

हे दुसऱ्यांविषयी लिहिले असे वाचकांनी समजू नये. पुण्यातील एका दोन खोल्यांच्या घराचे हप्ते आम्हीही सहा वर्षे भरीत आहोत. निवृत्तीस चार वर्षे उरली आहेत. चिरंजिवांचे म्हणणे, तेथे रुग्णालये जवळ आहेत. सौ. काही बोलत नाही; मात्र अंगणातील कडुनिंबाच्या फांद्या यंदा छाटू नका असे तिने दोनदा सांगितले. निर्णय आम्ही अद्याप केलेला नाही, आणि तो न करता मित्रास उपदेश करीत आहोत, हा दोष आम्हांस मान्य आहे. शिवाय आमच्या घरातही एका खोलीत गार हवेचे यंत्र बसले आहे. त्याने जिवास आराम पडतो, खोटे कशास बोलावे? पण त्यामुळे पाहुणा आला की यजमानाच्या शेजघरात, दार लावून, चार माणसांत बसतो. पाचवा आला तर जागा नाही. अकरा माणसांचे घर चार माणसांवर आले ते उन्हामुळे आले नाही.

राहता राहिल्या मित्राच्या मातोश्री. आम्ही त्यांस काकू म्हणतो. वय ब्याऐंशी. अमेरिकेस दोनदा जाऊन आल्या आणि तिसऱ्यांदा नको म्हणाल्या. दर वैशाखात त्या शेजारणींस हाताशी घेऊन कुरडया घालतात. पहाटे चीक शिजवावयाचा, ऊन चढण्याच्या आत माळवदावर धोतरावर कुरडया पाडावयाच्या, आणि पाखरे येऊ नयेत म्हणून जिन्याच्या सावलीत काठी घेऊन बसावयाचे. ऊन कडक असले तर दोन दिवसांत वाळतात. तसल्याच पांढऱ्या फुलतात. त्या पत्र्याच्या डब्यात भरून सात महिने जपलेल्या असतात, आणि डिसेंबरात आमचा मित्र त्या तळलेल्या खातो व ‘अशी चव तिकडे नाही’ असे दर वर्षी म्हणतो. गेल्या डिसेंबरात त्याने तसे म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "अरे, चव उन्हाची असते." तो हसला आणि आणखी एक घेतली.

त्याच्या पत्रास आम्ही काल उत्तर धाडले. नोव्हेंबराबद्दल काही लिहिले नाही. एवढेच लिहिले की मुंबईहून रात्री निघणारी देवगिरी अजून सकाळी परभणीस येते, आम्ही स्थानकावर उभे राहू, दुपारी तुला गार खोलीत निजू देऊ, परंतु रात्री माळवदावरच अंथरूण टाकावे लागेल; आणि काकूंस यंदा काठी धरवत नाही, तेव्हा पाखरे हाकण्यास कोणी तरी हवे आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. काकूंनी गहू आजच भिजत घातला आहे. तीन दिवस पाणी बदलीत ठेवावा लागतो.