औषध स्वस्त, तपासणी महाग

वारेच्या पेशींपासून उद्भवणारा गर्भारपणातील कर्करोग फुप्फुसांत पसरला, तरी बहुधा पूर्ण बरा होतो. १९५६ साली अमेरिकेत मिन चिउ ली व रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट वापरून याची वाट दाखविली. गाठी दिसेनाशा झाल्यावरही गर्भसूचक संप्रेरक पूर्ण उतरेपर्यंत औषध चालू ठेवावे, या आग्रहापायी लींना नोकरी गमवावी लागली. आज तोच जगन्मान्य नियम आहे. औषध जुने व स्वस्त. आपल्याकडील गरिबाला महाग पडतो तो तपासणीचा फेरा, प्रवासभाडे आणि बुडालेली मजुरी. या रोगाचे मूळ पुष्कळदा द्राक्षगर्भात असते. तो काढलेल्या प्रत्येक स्त्रीची पुढील रक्ततपासणी शासनाने तालुक्यातच विनामूल्य करावी. बरा होणारा रोग केवळ भाड्यापायी बळी घेतो, हा हिशेब कोणत्या अर्थशास्त्रात बसतो?