सरळ वाट, कमी इंधन

पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते भुवनेश्वर असा दोरा ताणून पाहा. तो गडचिरोली जिल्ह्यावरून जातो. हीच सर्वांत जवळची वाट. परंतु विमानाचा मार्ग जमिनीवरील नियंत्रकांच्या संमतीने ठरतो, आणि लष्करासाठी राखलेले आकाश वाटेत आले की वळसा पडतो. वळशात जळणाऱ्या दर किलो इंधनामागे ३ किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. कारण ज्वलनात हवेतील ऑक्सिजन कार्बनला जोडला जातो. २०२० साली केंद्र सरकारने सांगितले, की नागरी विमानांना ६० टक्केच आकाश मोकळे आहे. निर्बंध सैल केल्यास वर्षाला सुमारे १००० कोटी रुपये वाचतील. म्हणून सराव नसेल तेव्हा राखीव आकाश खुले करावे, हेच योग्य. विमानांमधील सुरक्षित अंतर मात्र इंधनासाठी कधीही कमी करू नये.