आरोग्यविचार : जंतूंची तटबंदी

साधी सर्दी झाली तरी पेनिसिलीनच्या इंजेक्शनचा हट्ट धरणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. डॉक्टर नकार देतात तेव्हा त्यांना रागही येतो. या नकाराचे कारण जंतूंच्या भिंतीत आहे.

जंतूच्या देहात दाब मोठा असतो; स्टॅफिलोकॉकस जातीत तो बाहेरील हवेच्या सुमारे २० पट भरतो. भोवती मजबूत कोट नसेल तर जंतू फुटून जाईल. शर्करेच्या लांब साखळ्या आणि त्यांस आडवे सांधणारे ॲमिनो आम्लांचे दुवे यांचे जाळे म्हणजेच हा कोट. त्याचा एकेक चिरा पेशीच्या आत घडतो. एका शर्करेवर पाच ॲमिनो आम्ले चढविली जातात. शेवटी डी-ॲलनीनची जोडी असते. मग हा चिरा एका स्निग्ध वाहकावर बसतो, तेथे त्यास दुसरी शर्करा जोडली जाते आणि तो पटलापलीकडे पोचतो. परंतु बाहेर सांधकामास शक्ती कोठून आणावी? एटीपी हे पेशीचे इंधन तर आतच राहिले. तेव्हा टोकाचे डी-ॲलनीन तोडले जाते व त्या तुटण्यातूनच नवा सांधा जुळतो. प्रवासास निघतानाच शिदोरी बांधून द्यावी, तशी ही योजना!

पेनिसिलीनचा रेणू नेमका त्या जोडीसारखा दिसतो. सांधा जुळविणारे एन्झाइम फसते, त्याला धरते आणि कायमचे अडकून पडते. गवंडीच बांधला गेला म्हणावयाचा. पेनिसिलीन दिलेल्या जंतूंत न वापरलेले चिरे साचतात, हे जेम्स पार्क यांना १९४९ मध्ये आढळले होते. या सोंगाचा उलगडा टिपर व स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ मध्ये मांडला. औषध मात्र त्याआधीच घरोघर पोचले होते. ते शुद्ध करण्यात मोठा वाटा असलेले अर्न्स्ट चेन हे बर्लिनचे यहुदी. १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली आणि १९४५ च्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी झाले. आपल्या पुण्याजवळच्या पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना १९५५ साली सुरू झाला, हे वडीलधाऱ्यांस आठवत असेल.

आपल्या पेशींना अशी भिंत नाही, म्हणून ॲलर्जीचा अपवाद वगळता हे औषध आपणांस सहसा बाधत नाही. सर्दीच्या विषाणूंनाही ती नाही. तेथे पेनिसिलीनने पाडावे तरी काय? उलट शरीरातील इतर जंतूंपैकी दुबळे तेवढे मरतात आणि चिवट मागे उरून फोफावतात. अशा चिवट स्टॅफिलोकॉकसांवर खास बनविलेले मेथिसिलीन इंग्लंडात १९६१ मध्येच काहींपुढे हरले: त्या जंतूंनी गवंडीच बदलून घेतला होता.