टी-टेस्टमधली बार्ली

बार्ली म्हटलं की हॉस्टेलवर कोणाला काय आठवतं ते इथे लिहीत नाही, हा अंक वॉर्डन सरही वाचतात. पण मॅथ्सच्या पेपरात हमखास येणारी 'स्टुडंट्स टी-टेस्ट' बार्लीच्या शेतांशी जोडलेली आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

हा 'स्टुडंट' म्हणजे डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतला विल्यम गॉसेट. कंपनीला आपल्या माणसांची नावं छापून यायला नको होती, म्हणून १९०८ चा त्याचा पेपर टोपणनावाने आला. शंभर रीडिंगसाठी शंभर शेतं आणायची कुठून? त्याचं कोष्टक ४ ते १० नमुन्यांसाठी होतं. त्याच पेपरात भट्टीत वाळवलेलं आणि न वाळवलेलं बार्लीचं बी यांच्या ११ जोड्या आहेत. त्यात एकरी उतारा तर आहेच, शिवाय दाण्याचा भावही आहे.

भाव का? कारण माल्टची बार्ली नुसत्या उताऱ्यावर जोखता येत नाही. दाणा भिजवायचा, चार-पाच दिवस मोड आणायचे, मग भट्टीत वाळवायचा. (घरी आई नाचणीचं सत्त्व करते, तसाच प्रकार.) मोड येताना बनलेली एन्झाइम्स पुढे स्टार्चची साखर करतात. प्रोटीन जास्त तर स्टार्च कमी, म्हणजे अर्क कमी. बीटा-ग्लुकान जास्त उरलं तर रस चिकट होऊन गाळताना तुंबतो. दाणे लहानमोठे असले तर मोड एकसारखे येत नाहीत. त्यात गोची अशी, की युरिया जास्त पडला की त्याच वाणाचं प्रोटीन चढतं. मग गुण वाणाचा की शेताचा? म्हणूनच कर्नालच्या गहू-बार्ली संशोधन संस्थेत वेगवेगळ्या ठिकाणी पिकलेले दाणे माल्ट करून तपासतात. चुकीचा वाण पुढे गेला तर माल माल्टला नापास होतो आणि शेतकऱ्याला तो जनावरांच्या खाद्याच्या भावाने विकावा लागतो.

आपल्याला यातलं काय शिकवतात? नल हायपोथिसिस, टेबल व्हॅल्यू, अ‍ॅक्सेप्ट की रिजेक्ट, आठ मार्क. फरक खरा असला तरी तो केवढा, आणि त्यापायी कोणाच्या खिशाला किती चाट बसते, हा प्रश्न पेपरात येतच नाही. गॉसेटला मात्र तोच महत्त्वाचा वाटत होता. आणि आपल्या जर्नलमध्ये तीन रीडिंग दशांशापर्यंत जुळलेली! फरकच नाही तर टेस्ट कशाची करणार, राव?

मॅथ्सच्या सरांना विनंती आहे, पुढच्या ट्युटोरियलला त्या ११ जोड्याच द्या. कॅल्क्युलेटर सगळ्यांकडे आहेत.