पंख्याला दोष देण्याआधी



मुलाने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना माझ्याकडे आला. घरखर्च आणि महिला मंडळाचे हिशेब मी त्यावरच ठेवते. गेल्या उन्हाळ्यात तो सुरू केला की दहा मिनिटांत मिक्सरसारखा घरघरायचा, खालून तव्यासारखा तापायचा. हे म्हणाले, "टाकून दे, नवा घेऊ." दुकानदाराने तर तो उघडूनही न पाहता सांगितलं, "पंखा बदलावा लागेल, अडीच हजार." मुलाचा फोनवर एकच सल्ला, "आई, तू नको हात लावूस."

मी बी.कॉम. आहे. महिन्याचा खर्च वाढला तर आपण आधी वही उघडतो, कोणत्या खात्यात वाढला ते बघतो. मग इथे न बघता अडीच हजार का द्यायचे?

लॅपटॉपचीही वही असते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'प्रोसेसेस'मध्ये 'सीपीयू' या शब्दावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त काम करवून घेणारा प्रोग्रॅम वर येतो. मी तर काहीच उघडलेलं नव्हतं, तरी आकडा सत्तर टक्क्यांच्या पुढे! वरच्या ओळीत होता मुलाने कधीकाळी टाकलेला, फोटो आपोआप साठवणारा प्रोग्रॅम. एका फाइलवर अडकून तो दिवसभर तेच काम पुन्हा पुन्हा करत होता. प्रोसेसर जितका राबतो तितका तापतो, आणि तापला की पंखा जोरात फिरतो. बिचारा पंखा आपलं कामच करत होता.

मुलाला विचारून तो प्रोग्रॅम काढला. मग 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये गेले. लॅपटॉप सुरू होताच न बोलावता हजर होणारे अकरा जण होते. ओळखीचे आणि नको असलेले आठ बंद केले. अँटिव्हायरसला मात्र हात लावला नाही. ब्राउझरमधले उघडे ठेवलेले तीसेक टॅब मिटवले. शेवटी सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', त्यात बॅटरीच्या पानावर 'पॉवर मोड' असतो, तो 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी'वर ठेवला. हिशेबाच्या कामाला वेग कुठे लागतो? संध्याकाळपर्यंत घरघर थांबली.

दोन गोष्टी मात्र सांगते. विंडोजचं अपडेट किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू असताना थोडा वेळ आवाज होणारच, तेव्हा घाबरून काही बंद करू नका. आणि पंख्याचा वेग कमी करणारे प्रोग्रॅम मिळतात, ते टाकू नका. ताप न उतरवता थर्मामीटर लपवण्यातला तो प्रकार! कामाचा भार कमी करा, पंखा आपोआप शांत होतो. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवरही ठेवू नका, हवेची वाट अडते.

एवढं करूनही, सीपीयूचा आकडा पाच-दहा टक्क्यांवर असताना पंखा ओरडत असेल, तर आत धूळ साचलेली असेल किंवा पंखा खरंच खराब असेल. मग खुशाल दुरुस्तीला द्या. पण तेव्हा आपण दुकानदाराला काय झालंय ते सांगू शकतो, त्याने सांगितलेलं नुसतं ऐकून येत नाही.

मला वाटतं, आपलं खरं नुकसान अडीच हजारांचं नसतं. "यातलं तुला कळणार नाही" हे आपण इतकी वर्षं ऐकलं की आता कुणी न म्हणताही आपणच स्वतःला म्हणतो. चाळीस वर्षं घराचा हिशेब सांभाळणाऱ्या बाईला टक्क्यांचा एक रकाना वाचता येणार नाही?

परवा ह्यांचा लॅपटॉप घरघरला. त्यांनी तो मुकाट्याने माझ्यासमोर आणून ठेवला.