थांबण्याचे वावडे

पुण्यात फरासखान्यात ५ जुलै २०२४च्या शुक्रवारी संध्याकाळी जे घडले, ते एका माथेफिरू मद्यपीचे कृत्य म्हणून मिटवून टाकण्याची घाई सुरू झाली होती. ती दरवेळी होते. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पकडले, कारवाई सुरू झाली आणि त्याने वाहतूक शाखेच्या महिला सहायक पोलीस निरीक्षकाच्या अंगावर पेट्रोल ओतून लायटर काढला. सहकारी धावले म्हणून अनर्थ टळला. हे कुठल्या आडरानात घडलेले नाही. भर बुधवार पेठेत, पोलिसांच्याच अंगणात घडले आहे. ज्या शहरात वर्दीतल्या अधिकाऱ्याला जाळण्याचा प्रयत्न तिच्याच कार्यालयाशी होतो, तिथे चौकातल्या एकट्या हवालदाराने कुणाच्या भरवशावर हात वर करायचा?

त्यानंतरचे तीन दिवस आठवा. रविवारी पहाटे वरळीत ससून डॉकवरून मासळी घेऊन परतणाऱ्या कोळी दाम्पत्याच्या स्कूटरला आलिशान मोटारीने उडवले, बाईंना फरफटत नेले आणि चालक गाडी न थांबवता पसार झाला. तो सापडला तिसऱ्या दिवशी. सोमवारी पहाटे बोपोडीत हॅरिस पुलाजवळ गस्तीवरच्या दोन पोलिसांना मोटारीने धडक दिली. त्यातला एक जण गेला आणि तोही मोटारवाला न थांबता निघून गेला. तिन्ही घटनांतली माणसे वेगळी, ठिकाणे वेगळी, गुन्हेही वेगळे. समान धागा एकच आहे. थांबायचे नाही. कायद्यापुढे थांबायचे नाही, माणूस चाकाखाली आला तरी थांबायचे नाही आणि थांबवलेच तर थांबवणाऱ्याला धडा शिकवायचा.

म्हणून जे पहिलीच्या पोराला कळते ते आज पुन्हा लिहावे लागत आहे. पोलिसाने हात दाखवला की गाडी थांबवायची. त्यात मेहेरबानी नाही आणि मानहानीही नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ११९ वाहतूक नियंत्रित करणाऱ्या पोलिसाची सूचना पाळायला सांगते. कलम १३० म्हणते की गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर परवाना दाखवला पाहिजे. अपघातानंतर थांबण्याचे आणि नाव-पत्ता देण्याचे कर्तव्य कलम १३२मध्ये आहे. योगायोग असा की, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम १३२च सरकारी नोकराला कर्तव्य बजावताना मारहाण करणाऱ्यांसाठी आहे. ‘३५३ लावू का?’ हा जुन्या दंड संहितेच्या काळातला पोलिसांचा दम आता १३२च्या नावाने द्यावा लागेल. पण हा दम पातळ झाला आहे, हे फार कुणाच्या लक्षात आलेले दिसत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांवरचे हल्ले वाढले म्हणून महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती करून ३५३ची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत नेली होती. नव्या संहितेत ती पुन्हा दोन वर्षांवर आली. संहिता लागू झाल्याच्या पाचव्या दिवशी फरासखाना घडले. त्या मद्यपीने संहिता वाचली होती, असा आमचा दावा नाही. पण ज्यांनी ती वाचायला हवी होती, त्या राज्यकर्त्यांनी तरी वाचली होती काय?

असो. मुद्दा थांबण्याचा आहे आणि थांबल्यावर कसे वागायचे याचा. गाडी डाव्या कडेला घ्या, भर रस्त्यात आडवी लावू नका. इंजिन बंद करा, काच पूर्ण खाली घ्या. दोन बोटांची फट ठेवून त्यातून कागद सरकवणे हा पोलिसाचा अपमान आहे. रात्री आतला दिवा लावा. कानातला फोन काढा. ‘साहेब, काय चुकले?’ एवढे विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. परवाना, आरसी, विमा, पीयूसी खिशात नसतील तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवा. केंद्राने २०१८मध्येच हे ग्राह्य ठरवले आहे, त्यामुळे ‘ओरिजिनल घरी राहिले’ या सबबीला आता अर्थ नाही. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर बायकोने पाठवलेला परवान्याचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे, हे सुशिक्षितांनाही सांगावे लागते. चूक मान्य असेल तर पावती घ्या आणि निघा. मान्य नसेल तरी चलन होऊ द्या. त्याविरुद्ध ऑनलाइन तक्रार करता येते, न्यायालयात जाता येते. तिथे हवा तेवढा वाद घाला. चौकात घालू नका. मागे तुंबलेल्या दोनशे गाड्यांना तुमच्या निर्दोषत्वाशी काही देणेघेणे नसते.

प्रसंग चित्रित करायचा असेल तर खुशाल करा. पोलिसानेही त्याला घाबरण्याचे कारण नाही. पण मोबाइल त्याच्या नाकापाशी नेऊन, ‘बोला, नाव सांगा, बक्कल नंबर सांगा, लाइव्ह चाललेय’ असे ओरडणे हे नागरिकाचे हक्क बजावणे नव्हे. ते चिथावणे आहे. तो चिडून एक शिवी देईल, मग तेवढाच तुकडा समाजमाध्यमांवर फिरवायचा, हा आता धंदा झाला आहे.

या सगळ्याहून घातक सवय आहे ती फोन लावण्याची. महाराष्ट्रात गाडी अडवली की माणूस परवाना काढत नाही, फोन काढतो. ‘एक मिनिट, साहेबांशी बोला.’ हे साहेब म्हणजे नगरसेवक, आमदारांचे स्वीय सहायक, कुठल्याशा ठाण्यातले ओळखीचे निरीक्षक, नाहीतर आमच्याच व्यवसायातले कुणी. होय, आमच्याही. काचेवर ‘प्रेस’ लिहून नो पार्किंगमध्ये गाडी लावणारे आम्हाला ठाऊक आहेत. ‘पोलीस’ लिहिलेली पाटी डॅशबोर्डवर ठेवून फिरणारे पोलिसांचे मेव्हणे त्यांना ठाऊक असतील. फोन लागला की पावती थांबते, एवढेच या फोनचे फळ नसते. २०१६च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खारला हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट नसलेल्या अल्पवयीन मुलाला अडवले. मुलाने भावाला फोन केला. भाऊ आला तो बांबू घेऊन. डोक्यात घाव बसलेले शिंदे आठवडाभराने रुग्णालयात मरण पावले. वादाचे मूळ होते ते एक हेल्मेट आणि काही शे रुपयांचा दंड. अडवले की घरच्यांना बोलवायचे असते, हे त्या मुलाला कुणी शिकवले? घरानेच. पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातातल्या अल्पवयीन मुलाला पोर्शेची किल्ली देणारे घर आणि हे घर यांच्या उत्पन्नात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, शिकवणीत नाही.

दुसरी सवय पळण्याची. पुढे नाकाबंदी दिसली की गाडी वळवून उलट्या दिशेने पळवणारे महाभाग प्रत्येक शहरात आहेत. पाचशे रुपये वाचवायला ते समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव पणाला लावतात. त्यापुढची पायरी म्हणजे अडवणाऱ्याच्याच अंगावर गाडी घालणे. २०२०च्या नोव्हेंबरात चिंचवडला मास्क नाही म्हणून अडवलेल्या चालकाने वाहतूक पोलिसाला बॉनेटवर घेऊन गाडी दामटली. २०२३च्या एप्रिलमध्ये नवी मुंबईत तर अमली पदार्थांच्या नशेतल्या चालकाने असेच बॉनेटवर लटकलेल्या पोलिसाला सुमारे वीस किलोमीटर नेले. वीस किलोमीटर! एवढ्या वेळात माणसाला एकदाही ब्रेकची आठवण होत नाही. आणि आपण काय केले? चित्रफीत पाहिली, ‘बापरे’ म्हटले आणि दुसऱ्याला पाठवली.

दारूबद्दल वेगळे बोलायला हवे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर कलम १८५ लागते: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ‘फुंकणार नाही’ म्हणून अडून बसलात तर सुटाल, हा गैरसमज आहे. योग्य कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५नुसार तुमच्याच विरोधात वापरता येतो. पण यंत्रात फुंकायचे नाही, ओळखीने रुग्णालयात जायचे आणि तिथे ‘बघून घ्यायचे’, हा मार्ग लोकांना ठाऊक झाला आहे आणि तो खुला असल्याचा समज त्याच पोर्शे अपघातानंतरच्या ससून रुग्णालयातल्या प्रकरणाने पक्का केला. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून तिथले डॉक्टर गजाआड गेले, हे खरे. पण तो आरोप बाहेर यायला लोकांचा संताप उसळावा लागला. त्या पोर्शेवाल्या मुलाची तीनशे शब्दांचा निबंध लिहून सुटण्याची सोय पहिल्या दिवशी झालीच होती.

पोलीस धुतल्या तांदळासारखे आहेत, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. सिग्नलच्या आधी उभे राहायचे सोडून नंतर झाडाआड दबा धरायचा, दुचाकीची चावी काढून घ्यायची, ‘कोर्टात जाल की इथेच मिटवाल’ असे पुटपुटायचे, हे सगळ्यांनी पाहिले आहे. अडवलेल्याची चावी हिसकावण्याचा अधिकार कायद्याने पोलिसाला दिलेला नाही. तोडपाणी करणाऱ्याला निलंबित करून चार महिन्यांनी दुसऱ्या चौकात उभे करणारे वरिष्ठ या दुखण्याला जबाबदार आहेत. परंतु त्या पन्नास-शंभरच्या नोटेचे दुसरे टोक ज्याच्या हातात असते, तो कोण? पावती फाडू नका म्हणून गयावया करणारा आणि घरी जाऊन पोलीस खाबू आहेत म्हणून प्रवचन देणारा माणूस एकच असतो. आणि संयम पाहायचाच असेल तर २०२०मध्ये काळबादेवीत भर रस्त्यात मारहाण होऊनही उलट हात न उचललेल्या त्या वाहतूक हवालदाराला आठवा. त्याचा सत्कार झाला, योग्यच झाले. पण हवालदाराने थप्पड खावी आणि मग आपण त्याला शाल-श्रीफळ द्यावे, ही काही व्यवस्था नव्हे.

थांबण्याचे हे वावडे शेवटी वरून झिरपत येते. ज्या राज्यात नेत्याच्या ताफ्यासाठी सिग्नल गुंडाळून ठेवले जातात, जिथे मंत्री होण्याच्या आधीच गाडीला सायरन लागतो, जिथे निवडून आलेला माणूस टोलनाक्यावरच्या पोराला ‘ओळखत नाहीस का’ म्हणून कानाखाली वाजवतो आणि कार्यकर्ते टाळ्या पिटतात, तिथे सामान्य माणसाने हवालदाराला मान द्यावा ही अपेक्षा कुणी कोणत्या तोंडाने करायची? ई-चलनांची थकीत रक्कम हजारो कोटींत गेली आहे. ती वसूल करण्याऐवजी सरकारी यंत्रणा अधूनमधून लोकअदालतीत सवलतीचा बाजार मांडते. ज्याने चलन आल्याच्या दिवशी पैसे भरले तो मूर्ख ठरतो आणि तीन वर्षे टाळणाऱ्याला निम्म्यात सुटका मिळते. पोलिसाचा हात न जुमानणारा हा हिशेब आधी शिकतो.

विधिमंडळाचे २०२४चे पावसाळी अधिवेशन त्यापुढच्या शुक्रवारी संपणार होते. त्याच दिवशी विधान परिषदेची निवडणूक असल्याने आमदारांना हॉटेलांत सांभाळण्यात पक्ष गुंतले होते. तरीही दोन कामे होऊ शकत होती. सरकारी कर्मचाऱ्यांवरील हल्ल्याची शिक्षा नव्या संहितेत दोन वर्षांवर आली, ती पुन्हा वाढवण्यासाठी सरकार काय करणार, हे गृहमंत्र्यांनी सभागृहात सांगायला हवे होते. आणि दोन्ही सभागृहांतल्या सदस्यांच्या नावावरच्या गाड्यांवर किती चलने थकली आहेत, याची यादी पटलावर ठेवायला हवी होती. गाडीचा क्रमांक टाकला की ती माहिती संगणकावर क्षणात मिळते. त्यासाठी ना समिती लागते, ना अभ्यासगट.