कावळ्याची कैफियत

थायलंडच्या ईशान्येकडील इसान प्रदेशात, जेथे पावसाच्या भरवशावर भात पिकविणाऱ्या रयतेच्या अंगणात कोंबड्या मोकळ्या हिंडतात, तेथे अंडी व पिले पळविणारा, आणि ज्याचे ओरडणे अनेक घरी अशुभसूचक मानले जाते असा कावळा अप्रिय ठरावा, हे स्वाभाविकच आहे. त्याची बुद्धिमत्ताच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते. कारण बुजगावणे निरुपद्रवी असल्याचे थोड्याच अवधीत ओळखणाऱ्या पक्ष्यापुढे शेतकऱ्याचे उपाय निष्प्रभ होतात.

तथापि त्याच देशाच्या उत्तरेस, ज्या अंड्यांतून पाच भावी बुद्ध जन्मास आले ती घालणाऱ्या शुभ्र काकमातेची लोककथा श्रद्धेने जतन केलेली असून, कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास तिच्या स्मरणार्थ कावळ्याच्या पायाच्या आकाराची वात वळून दिवे लावले जातात; आणि कोकिळेचे अंडे आपले समजून उबविणाऱ्या कावळीचे वात्सल्य तर त्या देशातील प्रसिद्ध अंगाईगीताचाच विषय झाले आहे. ही कावळी आपल्याही परिचयाची आहे.

किडे, उंदीर व मृत जनावरे खाऊन हा पक्षी शिवाराची जी सफाई करतो, ती हिशेबात धरली पाहिजे. पिलांसाठी जाळीचे खुराडे हा सुलभ बंदोबस्त असताना त्याच्यावर विषप्रयोग करणे आम्हांस सर्वथा अन्यायाचे वाटते.